सरक, कवडसा आला

अहो मास्तर, तुमचा तो तांब्या मी आज घासला. राख, चिंच, नारळाची शेंडी, काही म्हणून सोडलं नाही. "हात लावू नकोस त्याला, असाच काळपट राहू दे, आत्ता कुठं त्याच्या अंगावर सावली ठरायला लागलीय," असं बजावून ठेवलं होतंत ना? तुमचं तेरावं झालं, सोयरे बैलगाड्यांनी नि एसटीनं आपापल्या गावी गेले, आता मला अडवणारं कोण आहे? लख्ख झालाय. तोंड दिसतंय त्यात, कपाळ आखूड नि नाक हातभर लांब. तुम्हाला मुळीच आवडला नसता.

या दिवसांत तुमच्याविषयी काय काय ऐकून घेतलं, विचारू नका. तुमच्या शाळेचे हेडमास्तर पडवीत बसून म्हणाले, "देवमाणूस गेला." मी पदराआडून मान हलवली. देवमाणूस म्हणजे ज्याला देवासारखं नुसतं बसवून ठेवायचं, काम म्हणून सांगायची सोय नाही, तो. मला हे लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं. आपल्या पौड गावाला कळायला तुम्हाला मरावं लागलं.

रडले नाही असं समजू नका. रडले, भरपूर रडले. पण रडणं सरल्यावर मागं जो उरलाय तो नुसता राग आहे, नि तो ज्याच्यावर काढायचा तो माणूस असा मधूनच उठून गेलेला. म्हणून हे बोलणं. तुम्हीच मला शुद्ध बोलायला शिकवलंत. नांद्याच्या शेतकऱ्याची पोर मी, 'हाय', 'न्हाई' म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडायची. ड्रॉइंग मास्तर तुम्ही, भाषा शिकवणं तुमच्याकडे कुणी सोपवलंही नव्हतं, तरी शिकवलीत. बरं झालं. आता चांगल्या शुद्ध भाषेत तुमची खरडपट्टी काढता येतेय.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मला पातळ आणायला म्हणून पुण्याला गेलात नि एक लाकडी पेटी घेऊन परत आलात. मला वाटलं बाजाची पेटी असेल. कुणा मोडलेल्या स्टुडिओतला जुना कॅमेरा निघाला. पुढं काचेचा डोळा, डोळ्यावर पितळी झाकण, मागं काळं फडकं, खाली तीन पायांची तिवई. अख्खी आळी गोळा झाली. शेजारची हिराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली, तिची सासू काठी टेकत आली. मीही धुतलेलं हिरवं पातळ नेसले, कुंकू आरशात बघून नीट गोल लावलं, नि स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहिले. तुम्ही काळ्या फडक्यात डोकं घातलंत. आतून आवाज आला, "सरक, कवडसा आला."

माझ्या मागं भिंतीवर चाळण टांगली होती. कौलाच्या फटीतनं आलेला उन्हाचा कवडसा तिच्यावर पडला होता. मी सरकले. तुमच्या कॅमेऱ्यातनं पहिला फोटो निघाला तो चाळणीचा. आळी हसत हसत घरी गेली. जाताना हिराबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुजा दादला वाईच..." नि तिनं कपाळापाशी बोट गोल फिरवलं. तेव्हापासून मी सरकतेच आहे.

मग तुम्ही ते काचेचं कौल आणलंत. फटीतनं येणारा कवडसा तुम्हाला पुरेना. बरोबर चुलीच्या वर मातीचं एक कौल काढून काचेचं बसवलंत नि दिवसभर मान वर करून त्याच्याकडे बघत राहिलात. सकाळी तो कवडसा फडताळावर उतरायचा, तिथनं कोनाड्यात, मग पाट्या-वरवंट्यावर, दुपारी चुलीपाशी, नि ऊन कलताना समोरच्या भिंतीवर चढून विझायचा. त्याच्या वाटेत जे भांडं येईल ते त्या दिवशी सोवळ्यात गेलं म्हणून समजायचं. कुणी तहानलेला पाहुणा आला तरी तांब्या उचलायचा नाही, कारण तांब्यावर ऊन यायचंय. सूप खुंटीवर असेल तर तांदूळ पाखडायचे नाहीत. पावसाळ्यात त्याच काचेच्या कडेनं माझ्या तव्यावर थेंब गळायचे, चर्र चर्र. मी म्हणायचे, त्या कौलाचं काहीतरी करा. तुम्ही म्हणायचात, "थेंब बघ कसा उजेड घेऊन खाली येतो." डोंबल! उजेड घेऊन खाली येत होता नि माझी भाकरी भिजवत होता.

आणि ते तुमचे पाढे. झाकण काढून उजेड किती वेळ आत घ्यायचा हे दुसरे लोक घड्याळावर मोजत असतील, आमचे मास्तर पाढ्यांवर मोजायचे. ऊन कडक असलं की बेचा पाढा. ढगाळलं असलं की तेराचा, सतराचा. अगदी अंधुक कोपऱ्यात वरवंटा असला की एकोणतिसाचा पाढा, तोही सावकाश, पुटपुटत. पाढा संपला की झाकण परत डोळ्यावर. तोवर घरात कुणी पाय आपटायचा नाही, खोकायचं नाही, जमीन हादरते. मी दाराआड पिठानं भरलेले हात वर धरून उभी. एकोणतिसाचा पाढा मला शाळेत कधी आला नव्हता, तुमच्या वरवंट्यापायी पाठ झाला.

हिराबाईच्या घागरीचं आठवतंय? ती ओट्यावर टेकून माझ्याशी बोलत होती, घागर ओली, वर ऊन. तुम्ही तिकडून तिवई काढलीत नि काढलात फोटो. पुढच्या आठवड्यात घागर बुडातनं गळायला लागली. ती तणतणत आली, "फोटू काढला की मानसाचं आविष्य कमी व्हतंय ही आमास्नी ठावं हुतं. घागरीचं बी व्हतंय ही आज कळलं!" तुम्ही तिला उजेड काचेतनं कसा जातो ते शांतपणे समजावून सांगायला बसलात. उंटावरचे शहाणे! ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. माजी घागर नीट करून द्या." दिलीत करून, कल्हईवाल्याकडून डाग लावून. आणि परत करायच्या आधी त्या डागाचा फोटो काढलात. तेव्हापासून तुम्ही आळीतनं निघालात की बायका घागरींवर पदर घालायच्या.

काचा धुवायला माझी मोरी. कंदिलाला लाल कागद गुंडाळून दार लावून बसायचात नि मी बाहेर अंघोळीचं पाणी निववत बसायची. औषधं ओतायला माझ्या रुखवतातली इनॅमलची ताटं. मला न विचारता. त्यातल्या एका ताटात पुढं आयुष्यात कधी कुणाला वाढता आलं नाही. बाजारपेठेत लग्नाकार्याचे फोटो काढणारे अब्बासभाई, तुमचे एकुलते एक दोस्त, तुम्हाला काचेच्या प्लेटा आणून द्यायचे. तेसुद्धा म्हणायचे, "मास्तर, आता समदी फिल्मवर गेली, तुमीच तेवढं काचंवर ऱ्हायलात. आन् एकदा तरी वैनींचा काढा की ओ." तुम्ही हसायचात. "बघू. उजेड चांगला पडू दे." वीस वर्षं उजेड काही चांगला पडला नाही.

एकदाच भांडले मी त्यावरून, पण पोट भरून भांडले. म्हटलं, "वरवंट्याचा काढलात, उलथन्याचा काढलात, फुटक्या बरणीचा काढलात. माझा का नाही?" तुम्ही काच पुसत होतात. पुसता पुसता म्हणालात, "माणूस कॅमेऱ्यापुढं आला की उभा राहतो. तांब्या उभा राहत नाही, तो नुसता असतो." मी म्हटलं, "मग मी काय करते दिवसभर? मीही असतेच की या घरात. बघा तरी कधी." तुम्ही थांबलात. खरंच विचार केलात, तेवढं मी मान्य करते. आणि म्हणालात, "तू हलतेस."

हलू नको तर काय करू? चूल काय तुमचा तांब्या पेटवणार? नदीवरनं धुणं काय वरवंटा आणणार? मी हे बोलले नि तुम्ही हसलात. हसलात म्हणून मी तो तांब्या उचलून जमिनीवर आपटला. माझ्या आईनं नांद्याहून दिलेला तांब्या, पोचा पडला त्याला. तुम्ही धावलात ते तांब्याकडे. उचललात, उजेडात फिरवलात, नि दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्या पोच्यावर कवडसा यायची वाट बघत बसलात. भांडण तिथंच राहिलं. तुमच्या मते मिटलं, माझ्या मते अजून मिटलेलं नाही.

त्या पोच्याच्या फोटोनं तुम्ही मोठे झालात. पुण्याच्या प्रदर्शनात तो लागला म्हणून आपण दोघं एसटीनं गेलो. तुम्ही कोट घातलात, मी जरीकाठी नेसले. भिंतीवर माझ्या माहेरचा तांब्या, काळ्या चौकटीत, अर्धं अंग उजेडात, अर्धं सावलीत, आणि मी आपटलेला पोचा चांदणीसारखा चमकत होता. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग खाली लिहिलेलं नाव वाचलं. 'एकांत'.

एकांत! अहो, तुम्ही तो फोटो काढत होतात तेव्हा मी त्याच खोलीत होते. दाराआड, भाकरीचं पीठ बोटांवर वाळत, श्वास धरून, तुमचा सतराचा पाढा संपायची वाट बघत. आदल्या दिवशी तो तांब्या मी घासलेला, तो पाट मी मांडलेला, ती भिंत मी पोतेरलेली. एकांत कसला? एक चष्मेवाले गृहस्थ फोटोपुढं उभे राहून म्हणाले, "यात माणूस नाही, पण माणसाची चाहूल आहे बघा." तुम्ही विनयानं मान खाली घातलीत. मी तुमच्या बाजूलाच उभी होते, चाहूल. मला कुणी विचारलंही नाही. परतताना गाडीत तुम्ही सारखे ते वाक्य म्हणत होतात नि मी खिडकीबाहेर बघत होते. सूस गेलं, नांदे फाटा गेला, वाटलं उतरावं नि आईकडं जावं. नाही उतरले. तुम्हाला स्टोव्हला पिनसुद्धा मारता येत नव्हती.

फोटोतला उजेड सूर्याचा, सावली भिंतीची, घासलेलं पितळ माझं. तुमचं काय, तर पाढा. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणायचं होतं.

नाही म्हणायला, माझा हात तव्यावर भाजला तेव्हा भाकऱ्या तुम्ही थापल्यात. एकही गोल नव्हती, भूगोलाच्या पुस्तकातले देश वाटत होते, पण थापल्यात, नि फोटो न काढता वाढल्यात. दारू नाही, हात उगारणं नाही. आणि पोटी मूल नाही म्हणून तुमचे थोरले भाऊ कोळवणाहून आले, "दुसरी कर, म्या पोरगी बगून ठेवलीया," म्हणाले, तेव्हा मी फडताळाआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "दादा, या घरात मला उजेड पुरेसा आहे." भाऊजींनी वर कौलाकडं बघितलं. त्यांना वाटलं, तुम्हाला आणखी एक काचेचं कौल बसवायचं नाहीये. मला मात्र कळलं. ते एक वाक्य तुम्ही भांड्यांवर खर्च केलं नाहीत. त्या वाक्यावर मी तुमचे पुढचे सगळे वरवंटे सोसले.

मग या वर्षी विजेचे खांब आले. रस्त्याकडेला खड्डे खणून उभे करायला लागले तसा तुमचा जीव वरखाली व्हायला लागला. "दिवे लागले की सावल्या मरतील गं. सगळीकडून सारखा उजेड. त्याआधी काढून घेऊ दे मला." लोक वीज येणार म्हणून पेढे वाटायच्या तयारीत, नि आमचे मास्तर सुतक आल्यासारखे. शाळा सुटली की घर, सुट्टी असली की सकाळपासून घर, जेवणाची शुद्ध नाही. छातीवर हात ठेवून चोळत बसायचात. विचारलं की म्हणायचात, वाकून वाकून आखडलंय. आणि पुन्हा तोच तांब्या. पोच्याचा फोटो झाला होता, आता म्हणे त्याची दुसरी बाजू, काळवंडलेली, बिनपोच्याची. लोकांना न दिसलेली.

त्या दिवशी रविवार होता. मी नदीवरनं धुणं घेऊन आले. दारातनं बघितलं तर तुम्ही नेहमीसारखे. तिवई चुलीपुढं मांडलेली, पाटावर तांब्या, तुम्ही कॅमेऱ्याशेजारी भिंतीला टेकून बसलेले, एक हात काळ्या फडक्याखाली. कवडसा अजून तांब्यापासून वीतभर लांब. पाढ्याचा आवाज नाही. म्हणजे वाट बघताय, असं मी समजले. तुम्ही "सरक" म्हणायच्या आत मीच सरकले. सवय. भिंतीच्या कडेकडेनं, पाठ वाकवून, माझी सावली तुमच्या तांब्यावर पडू नये म्हणून ओलं लुगडं पोटाशी धरून मागल्या दाराला गेले. वाळत घातलं. परत तशीच वाकून आत आले, डाळ घेऊन बाहेर गेले. चूल पेटवली नाही, धूर होईल म्हणून. बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, वाजतील म्हणून. अहो, मी एका मेलेल्या माणसाच्या उजेडातनं चोरासारखी ये-जा करत होते. दुसरी कुठली बाई असती तर दारातनंच ओरडून विचारती, जेवायचं काय आहे की नाही, नि तिला तेव्हाच कळतं. वीस वर्षं तुम्ही मला इतकं छान शिकवलं होतंत की तुम्ही मेलात तेसुद्धा मला कळलं नाही.

कवडसा तांब्यावर आला. त्याच्या पोटावरनं हळूहळू वर चढला, गळ्याशी गेला, उतरून चुलीकडं निघाला. पाढा नाही. मला दारातनं दिसत होतं. राग आला. म्हटलं, सकाळपासनं घर डांबून ठेवलंय नि आता कवडसा चालला तरी बसलाय हा माणूस. मी गेले तरातरा नि मुद्दाम, अगदी मुद्दाम, तांब्याच्या नि कॅमेऱ्याच्या मधोमध उभी राहिले. लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. "गेला की ओ कवडसा! आता तरी उठताय का?"

तुम्ही "सरक" म्हणाला नाहीत.

मी खाली बसले. तिथंच, कॅमेऱ्यापुढं, तांब्याला पाठ लावून, तुमच्या तोंडाकडं बघत. हाक मारली का, हात लावला का, काही आठवत नाही. एवढंच आठवतं की मी हलले नाही. बराच वेळ. हिराबाई विस्तव मागायला आली नि तिनंच बोंब ठोकली.

तुमच्या त्या फडक्याखालच्या मुठीत पितळी झाकण होतं. मूठ सोडवताना भाऊजींच्या हाताला लागलं. म्हणजे तुम्ही डोळा उघडला होतात. कवडसा पोचायच्या आधी, अंधारातच, का कोण जाणे. एकोणतिसाचा पाढाही सुरू केला असेल, नि कुठं थांबलात? एकोणतीस सत्तेला की अठ्ठ्याला? अब्बासभाई धावत आले, सगळे तुमच्याभोवती, ते बिचारे रडत रडत सवयीनं कॅमेऱ्याकडं वळले, प्लेटीच्या घरावरची झाकायची पट्टी सरकवली नि ते घर काढून आपल्या पिशवीत घातलं. मला तेव्हा त्याचं काही भान नव्हतं.

तुम्हाला नेल्यावर ती जागा सारवली, पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. संध्याकाळ झाली नि टोपलीच्या विणीतनं दिव्याचा उजेड बाहेर पडायला लागला. चारी भिंतींवर, छपरावर, फडताळावर, बायकांच्या पाठींवर नुसती जाळी. दिवा हलला की सगळं घर हलायचं. बायका गळे काढत होत्या नि मी भिंत बघत होते. तुमच्याच मयताची टोपली, नि तुम्हालाच बघता आली नाही. मला असं काहीतरी वाटावं ही तुमची देणगी. इतकी वर्षं मी तुमच्या खुळाला हसले नि कुठून कसं, ते मला लागलं. आताही चाळण उचलली की मेलं आधी भिंतीकडं लक्ष जातं. त्याबद्दल तुमचे आभार मानू का शिव्या देऊ?

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली. पिठावर कसला ठसा उमटलाय, पुढचा जन्म कसला, ते बघायला सगळे वाकले. भाऊजी म्हणाले, "गाईचं खूर हाय बगा." त्यांची बायको म्हणाली, "छ्या, चिमनीचं पाऊल." हिराबाईला तर बाळाचं पाऊल दिसलं. सगळ्यांची डोकी पिठावर, नि त्याच वेळी काचेच्या कौलातनं कवडसा खाली आला नि त्यांच्या पाठींवर अडकला. पिठापर्यंत पोचेना. मी वाट बघितली. कुणीच "सरका" म्हणालं नाही. तेव्हा मला कळलं की तुम्ही गेलात. स्मशानात नेलं तेव्हा नाही, बांगड्या फोडल्या तेव्हाही नाही. तेव्हा.

तेराव्यानंतर अब्बासभाई आले. पडवीतच बसले, पिशवी मांडीवर. म्हणाले, "वैनी, ती कॅमेऱ्यातली शेवटची काच धुतली म्या. मास्तरांचं शेवटचं काम, म्हनलं तुमाला द्यावं. पर..." कागद उलगडला. काच काळी. कडेपासून कडेपर्यंत काळीभोर, तव्याचं बूड बरं. "जळली समदी. झाकन उघडंच ऱ्हायलं न्हवं. उजेड लई झाला."

उजेड लई झाला! ऐकताय ना? वीस वर्षं "उजेड चांगला पडू दे" म्हणून मला ताटकळत ठेवलंत, नि शेवटी झाला तो इतका. मी विचारलं, "अब्बासभाई, डोळा उघडा होता तेव्हा मी तिथं बसले होते. समोरच. मी हाय का ह्यात?" पाहा, तुमची शुद्ध भाषा ऐन वेळी गेलीच. अब्बासभाईंनी काच उन्हात धरली, इकडून बघितली, तिकडून बघितली. उगाच सांत्वनाचं खोटं बोलणारा माणूस नाही तो. "असाल बी वैनी. उजेडानं खाल्लंय, पर बसला हुता म्हनताय म्हंजी काचंला तुमी लागलाच असनार. दिसत न्हाई एवढंच." मग म्हणाले, "टाकून देऊ का?"

मी ती हातातनं हिसकावूनच घेतली.

म्हणजे काढलात तर. वीस वर्षांनी एकदाचा काढलात. तोही कसा, पाढा अर्धवट, झाकण मुठीत, स्वतः जागेवर नाही. कशात काय न् फाटक्यात पाय! दुसऱ्यांचे नवरे बायकोला खुर्चीवर हात ठेवून उभं करतात, मागं कमळाचं तळं रंगवलेला पडदा लावतात, नि काढतात सरळ फोटो. तुम्हाला सरळ काही जमलंच नाही. पण 'तू हलतेस' म्हणाला होतात ना? नाही हलले. ते भांडण मी जिंकले, मास्तर. तुम्ही नसताना जिंकले, याचा मला किती संताप येतो ते तुम्हाला कधी कळायचं नाही.

भिंतीवरचा तुमचा 'एकांत' मी चौकटीतनं काढला. फडताळात ठेवलाय, भांड्यांत, तो तिथलाच आहे. त्या चौकटीत ही काच बसवली नि चाळणीच्या खुंटीवर टांगली. तांब्याला आता सावली धरायचं काम नाही, मला त्यातनं पाणी प्यायचंय, म्हणून घासला. काचेचं कौल मात्र आहे तिथंच आहे. भाऊजी बदलून देतो म्हणत होते. मी म्हटलं, गळू दे.

हिराबाई दुपारी आली. चौकटीपुढं ठाण मांडून उभी राहिली, नाक मुरडलं. "ही काय गं टांगलंयस? समदा काळोख."

"फोटो हाय."

"कुनाचा?"

"माजा. ह्यांनी काढलाय."

तिनं माझ्याकडं बघितलं, पुन्हा काचेकडं बघितलं. कपाळाकडं जाणारा हात तिनं मध्येच थांबवला, तेवढी लाज आहे तिला. "आगं पर ह्यात दिसत तर कायच न्हाई."

"दिसंल," मी म्हटलं. "आदी तू सरक. कवडसा येतोय."